मधू, वायर पुढूनच टाकली

मधू, तुझ्या श्रुतिकेचा कार्यक्रम झाला. शालिनीनं तुला सांगितलंच असेल, तुझ्या फोटोसमोर उभी राहून ती रोज तुझ्याशी बोलते. पण त्या दिवशी तिचे डोळे सारखे भरून येत होते, निम्मं तिच्याकडून सुटलं असेल. म्हणून मी सांगते. तसंही गेली कित्येक वर्षं तुला समोरचं सांगण्याचं काम माझंच होतं.

हॉल भरला होता. तुझे विद्यार्थी आले होते, त्यातले काही आता स्वतः प्राध्यापक झालेत. विहारातल्या रोजच्या वंदनेला येणाऱ्या बाया होत्या, तुझ्या अंधशाळेतले जुने सोबती होते. तुझी माय आली होती. होय, माय आली. पण ते नंतर.

तुला आठवतं का, तू पहिल्यांदा ग्रंथालयात आलास तेव्हा मी नुकतीच तिथे नोकरीला लागले होते. तू इतिहासात एम.ए. करत होतास. काठी टेकत काउंटरपाशी आलास आणि म्हणालास, "मॅडम, हे पुस्तक मले कोणी वाचून देईल का?" जेवणाच्या सुट्टीत मी वाचायला बसले. थोडी पानं झाल्यावर तू हात वर केलास. मला वाटलं पाणी हवंय. तर म्हणालास, "मॅडम, तुमी वाचून नाही राहिल्या. पानं उलटवून राहिल्या."

मला राग आला होता. फुकट वाचून देतेय आणि वर हे! पण दुसऱ्या दिवशी मी सावकाश वाचलं. पुस्तकात एका किल्ल्याचं चित्र होतं, ते मी वगळून पुढे जाणार तर तू विचारलंस, "इथं काही हाय का? तुमी थांबल्या." मी म्हटलं, चित्र आहे. "मंग सांगा न." त्या दिवशी पहिल्यांदा मी एखादी गोष्ट बघून ती दुसऱ्याला सांगितली. बुरूज कसा आहे, त्याची सावली कुठे पडली आहे, पायऱ्यांवर गवत उगवलं आहे. मधू, माझ्या डोळ्यांसमोरच्या वस्तू मी तोपर्यंत नीट पाहिल्याच नव्हत्या. पुढे मॅडमची रेखा झाली, तुमीचं तू झालं, तू त्याच कॉलेजात शिकवायला लागलास, शालिनी लग्न होऊन तुझ्या घरी आली. आपलं वाचन मात्र थांबलं नाही. वाचन आणि भांडण.

आपलं सगळं नातं आवाजावर उभं होतं. म्हणून माझ्या गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती तुझी वाटली. डॉक्टर म्हणाले होते, काही महिने लागतील, कदाचित पूर्ण येईल, कदाचित नाही. इतरांना मी खुणा करत होते, कागदावर लिहून दाखवत होते. तुला काय दाखवणार?

तू मात्र दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन घरी हजर. सोबत एक गोल, बिनवायरीचा स्पीकर, विद्यार्थ्यांनी भेट दिलेला. तुझा लॅपटॉप पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, एका सुरात, भरधाव. "तू लिही," म्हणालास, "हा बोलीन." मी लिहिलं आणि माझ्या ऐवजी ते यंत्र बोललं. तू खो खो हसलास. "बरा हाय वं हा आवाज. तुह्यावाणी चिडत नाही."

असे किती दिवस आपण बसलो. तू गप्पा मारायचास, मी टाइप करायचे. एका दुपारी मी खूप उदास होते. त्या दिवशी डॉक्टरांनी तपासून नुसती मान हलवली होती. तू एकटाच बोलत राहिलास, मग थांबलास. बराच वेळ शांतता. मग तू विचारलंस, "रेखा, मी निघू का? तुले आराम पाह्यजे असंन."

मी "नको" लिहिलं आणि बटण दाबलं. स्पीकरमधून नुसतं टक् झालं. शब्द आलाच नाही. तू क्षणभर वाट पाहिलीस, मग काठी उचललीस आणि उठलास. काय बिघडलं ते मी बघेपर्यंत तू दाराबाहेर. मला हाक मारता येत नव्हती. मी धावत जाऊन अंगणात तुझा दंड पकडला, ओढत आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा बटण दाबलं. तेव्हा तो स्पीकर स्पष्ट बोलला, "नको."

तू काठी खाली ठेवलीस. मग स्पीकर हातात घेऊन त्याच्यावरून बोटं फिरवलीस. "हे झोपते," म्हणालास. "थोडं गप्प बसलं का झोपी जाते. अन् उठेपर्यंत पहिला शब्द खाऊन टाकते." दुसऱ्या दिवशी तू वायरवाला जुना स्पीकर आणलास. माझा आवाज परत येईपर्यंत तो माझ्या टेबलावर होता. ब्लूटूथशी तुझं वैर त्या दिवसापासूनचं. लोकांना तो तुझा हट्ट वाटायचा. मी कधी कुणाला खरं कारण सांगितलं नाही, आणि तूही नाही.

श्रुतिकेचं तू आधी मनात ठेवलंस. मग एके दिवशी म्हणालास, "मायचा आवाज भरून घ्याचा हाय. गावाले चालते का?"

आपण तिघं कुहीकडे निघालो, तू, शालिनी आणि मी. धानाच्या रोवणीचे दिवस होते. रस्त्यात मी तुला शेतातल्या बांध्या सांगत होते, कुठे नुसतं पाणी, कुठे रोपांच्या पेंढ्या पडलेल्या, कुठे बाया ओळीनं वाकलेल्या. तू म्हणालास, "गाडी थांबव," आणि नुसता खिडकीतून ऐकत बसलास.

गावाला पोचल्यावर तू मायसमोर रेकॉर्डर धरलास. मायला काही समजेना. "याच्यात काय बोलू गा? तू तं इथंच बसून राहिला."

"लहानपणी बांधावरून हाका मारे न वं, तशी मार."

"आता काहून हाका मारू? समोर तं हायेस."

मग तू उठलास आणि खरोखरच लांब गेलास. शेजारच्या आंब्यापर्यंत, काठी टेकत. आणि मायनं हाक मारली, "मधू ऽ ऽ! कुठी गेला गा?"  एवढीशी बाई आणि एवढा आवाज. ती हाक कशासाठी होती हे तूच मला मग सांगितलंस. जन्मापासून न दिसणाऱ्या पोराला तिनं बोट धरून कधी शेतात नेलं नाही. ती पुढे जाऊन बांधावर उभी राहायची आणि तिथून हाका मारायची. तू आवाजाच्या दिशेनं यायचास. पडायचास, चिखलात भरायचास, उठायचास. गावातल्या बाया तिला नावं ठेवायच्या, आंधळ्या लेकराले पाण्यात सोडते म्हणायच्या.  तू थांबलास की पुन्हा हाक मारायची.

त्याचीच तू श्रुतिका केलीस. "घर ते बांध". तुझं बोलणं, पाण्यातली पावलं, बेडकं, बायांचं हसणं आणि मधे मधे मायची हाक. प्रत्येक हाकेआधी तू लांब शांतता ठेवली होतीस. मी म्हटलं, इतकी शांतता कशाला, लोकांना वाटेल बंद पडलं. तू म्हणालास, "मलेही असंच वाटे. माय गेली, आता हाक येत नाही. तेवढं लोकाइलेही वाटू दे."

आणि मग आपलं शेवटचं भांडण. सीताबर्डीच्या त्या साउंडच्या दुकानात. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती.

श्रुतिका जिथे ऐकवायची तो विहाराचा हॉल लांबच लांब. आवाजाचं मशीन, म्हणजे सगळ्या बटणांचा तो मिक्सर, मागच्या भिंतीच्या कपाटात. माझं म्हणणं साधं होतं. लॅपटॉप मिक्सरशेजारी ठेवू, हातभर वायर लावू, तू तिथेच बस. नाहीतर पुढे बस आणि ब्लूटूथ लाव. दुकानदारानं समोर वायरींचा ढीग घातला होता. तू एकेक पिन हातात घेऊन तिच्या कड्या चाचपत होतास, ही नुसती ऐकायची, हिच्यात माईकही आहे, असं पुटपुटत. माझं ऐकून तू पिन खाली ठेवलीस.

"मी मागे काहून बसू?"

"मशीन मागे आहे म्हणून."

"शाळेत मागे. कॉलेजात मागे. लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात, धक्का लागते म्हणून. आता माह्याच कार्यक्रमात मी मागे बसू? नाही वं. मी पुढे बसन, मायच्या बाजूले, अन् माह्या हातानं चालू करन."

"मग ब्लूटूथ लाव."

"हाक खाईन ते."

"मग एवढी लांब वायर टाकली तर घरघर येईल, हे तूच सांगितलंस ना?"

तेव्हा दुकानदार मधे पडला. त्यानं हाताच्या पंजाएवढी एक लोखंडी डबी काढली. लॅपटॉपची बारीक वायर एका बाजूनं तिच्यात जाते, दुसऱ्या बाजूनं माईकची जाड वायर निघते, ती कितीही लांब न्या, आवाज स्वच्छ राहतो. तुझा चेहरा खुलला. मी म्हटलं, आणखी एक डबी, आणखी दोन जोड, एक जरी ढिला झाला तर सगळा कार्यक्रम बसला. शिवाय वायर माणसांच्या पायात येणार, आणि तू म्हणतोस हॉल पूर्ण अंधारा करायचा. कुणी म्हातारं धडपडलं तर?

"मी धडपडतो तवा कोणी दिवा लावते का?" असं म्हणून तू हसलास. मी हसले नाही. आपण काहीही न घेता बाहेर पडलो. रिक्षात तू म्हणालास, "रविवारी पाहू."

रविवार आलाच नाही. शुक्रवारी सकाळी शालिनीचा फोन, "रेखाताई, हे चहा घेता घेता पडले." मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुला आत नेलं होतं. मेंदूत रक्तस्राव झालाय, म्हणाले. संध्याकाळी आम्हा दोघींना आत सोडलं. तोंडात नळी, हात बाजूला, आणि तो चेहरा, ज्याच्यावर काही ना काही सतत चाललेलं असायचं, तो अगदी थांबलेला. मी नर्सला विचारलं, यांना ऐकू येतं का? ती म्हणाली, "बोला तुमी. ऐकू जाते म्हणतात."

काय बोलायचं, मधू?  मी तुला खोली सांगायला लागले. म्हटलं, भिंत फिकट हिरवी आहे, तुझ्या डाव्या हाताला खिडकी आहे, बाहेर कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्यावर एक पतंग अडकलाय, लाल, अर्धा फाटलेला. पलंगाच्या पायथ्याशी शालिनी उभी आहे, तिनं घाईत पायात दोन वेगवेगळ्या चपला घातल्यात. हे शालिनीनं ऐकलं, खाली पाहिलं आणि ती तिथेच बसून रडली. तू हललाही नाहीस. मी सांगत राहिले. मग नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तू गेलास.

तुझ्यावर मी फार चिडले, हे लिहून ठेवते. भांडण असं अर्धवट टाकून जातात का? जलदान विधीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, प्रत्येकजण तुझ्याबद्दल चांगलं बोलत होता, आणि माझ्या डोक्यात एकच, की आता लॅपटॉप मिक्सरशेजारी ठेवता येईल. पुढे बसणारं कुणी उरलं नाही, वायर लांब टाकायची गरज नाही. माझंच म्हणणं आपोआप खरं ठरत होतं. असं जिंकण्याची मला शिसारी आली.

कार्यक्रम करायचा नाही असं मी मनात धरलं होतं. पण सगळे गेल्यावर शालिनी म्हणाली, "ताई, यांचं ते ऐकवायचं ना?" मी म्हटलं, मायचं काय? तिला हे कसं सहन होईल? माय भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. मला वाटलं झोपलीय. ती तशीच बोलली, "मी येईन. माह्या पोरानं केलं, मी नाही ऐकू तं कोण ऐकन?"

दोन आठवड्यांनी मी विहारात गेले. हॉल सांभाळणारे गजभियेकाका मला म्हणाले, "ताई, वायरीची कटकट काहून करता? ब्लूटूथ हाय न. आत्ता जोडून देतो." त्यांनी जोडूनही दिलं. शालिनी मधल्या रांगेत बसली होती. मी तुझा लॅपटॉप उघडला, सुरू केलं. आधी तुझी ती शांतता, आणि मग मायची हाक. मधलीच. "...ऽ ऽ! कुठी गेला गा?"

तुझं नाव आलंच नाही.

शालिनी उठून उभी राहिली. "बंद करा," म्हणाली. गजभियेकाकांना कळेना काय झालं. आवाज तर खणखणीत होता. मी ब्लूटूथ बंद केलं. मग कपाटाशी लॅपटॉप नेऊन आखूड वायर लावून पाहिली. सुरेख. एक अक्षर कमी नाही, घरघर नाही. मी मागे वळून शालिनीला विचारलं, "झालं ना आता?"

ती म्हणाली, "हे मागे नसते बसले, ताई."

बस्, एवढंच. तिनं आपलं भांडण ऐकलेलं होतं की तू तिला सांगितलं होतंस, मी विचारलं नाही. घरी गेले, पिशवी घेतली आणि सीताबर्डीला त्या दुकानात गेले. दुकानदारानं मला ओळखलं. डबी काढता काढता हसत म्हणाला, "मैडम, आखिर सर जीत गए! आज सर नहीं आए?"

मी म्हटलं, "नहीं आए."

 तो आणखी काही विचारेल म्हणून मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले. त्यानं डबी दिली, वायर दिली, आणि सांगितलं की सरांना म्हणा, डबीवरचं छोटं बटण दाबून पाहा, घरघर आली तर जाईल. सांगते म्हटलं. सांगितलं बघ.

कार्यक्रमाच्या सकाळी मी आणि गजभियेकाका गुडघ्यांवर बसून वायर टाकत गेलो. पुढच्या टेबलापासून भिंतीच्या कडेनं मागच्या कपाटापर्यंत, जागोजागी चिकटपट्टी लावून, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. जोडलं, श्रुतिका मधूनच सुरू केली, आणि घरघर आली. डबीवरचं बटण दाबलं. हॉल एकदम शांत झाला. गजभियेकाका म्हणाले, "कुठी गेला आवाज?" आणि तेवढ्यात बेडकं ओरडायला लागली, तुझ्या गावची. काका चपापून खाली बघू लागले. मधू, तेव्हा मी तुझ्याकडे वळून हसले. खरंच वळले. शेजारी कुणी नव्हतं.

दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या. माय पुढच्या रांगेत मधोमध, तिच्या एका बाजूला शालिनी, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन मी. म्हणजे तुझ्या जागेवर मी. मी उठून लोकांना एवढंच सांगितलं की दिवे जातील, घाबरू नका, कुणाला बाहेर जायचं असेल तर हात वर करू नका, कुणाला दिसणार नाही, तोंडानं सांगा. लोक हसले. दिवे गेले. मागे कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडला, कुणीतरी त्याला दटावलं, मग तोही गेला. लॅपटॉपचा पडदा मी आधीच काळा करून ठेवला होता, मला स्वतःचा हात दिसेना. बटण मी चाचपून शोधलं.

शांतता. खूप लांब शांतता. खुर्च्या करकरल्या. कुणी खोकलं. आणि मग अख्खी, पहिल्या अक्षरापासून, "मधू ऽ ऽ! कुठी गेला गा?"

माझ्या शेजारून, अंधारातून, हळू आवाज आला. "ये गा. सरळ ये."

मला वाटलं, रेकॉर्डिंगमध्येच आहे. पण ते मी शंभर वेळा ऐकलेलं, त्यात हे नव्हतं. माय बोलत होती. मग तुझा आवाज सुरू झाला, तू सांगत होतास की पाय कसा फसतो, पाणी पोटरीला कसं गार लागतं, आणि माय मधेच "हो," "हो," म्हणत होती. पुढची हाक आली. माय म्हणाली, "डाव्या हाताले नाली हाय, पाहून." त्याच्या पुढच्या हाकेला, "थकला का? थांब जरासा." ती तुला वाट सांगत होती, मधू. प्रत्येक हाकेनंतर. मागच्या रांगांत हुंदके सुरू झाले ते मला ऐकू येत होते. मायच्या आवाजात मात्र रडणं नव्हतं. ती कामात होती.

शेवटी ते, तुझा हात तिच्या लुगड्याला लागतो आणि बांगड्या वाजतात आणि ती हसते. मग काही नाही. श्रुतिका संपली. गजभियेकाकांनी मुद्दाम दिवे लावायला वेळ लावला, की त्यांना बटण सापडेना, ठाऊक नाही. दिवे लागले तेव्हा मायचा हात समोर होता, थोडा खाली, लहान पोराच्या डोक्याच्या उंचीवर. तिनं उजेडाकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं. शालिनीनं तो हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. अंधाराबद्दल तुझं खरं होतं. पण मी म्हणते, तुझं खरं होतं तर ते ऐकायला तू इथे हवा होतास. याच्यावर तुझं काय म्हणणं आहे? दे उत्तर.

तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तसं काही बोलायची पद्धतच नव्हती. अंगणात ओढून आणल्यावर तू निमूट खुर्चीत बसलास, आणि आवाज येईस्तोवर रोज येत राहिलास, त्याबद्दल मी काहीच बोलले नाही. आवाज परत आला तेव्हा पहिला फोन तुला केला आणि काय बोलले, तर "काय गा, जेवला का?" तू म्हणालास, "जेवलो." एवढंच. तुला सगळं कळलं होतं, असं मी धरून चालले. अजूनही तेच धरून चालते, दुसरं काय करणार?

काल आम्ही दोघी मायला गावी सोडायला गेलो. शालिनीनं एक छोटा रेडिओ घेतला होता, त्यात तुझी श्रुतिका भरली होती, एक बटण दाबलं की सुरू. ओसरीवर बसून तिनं मायला ते दाखवलं. "आई, हे दाबायचं. वाटेल तेव्हा ऐका."

मायनं रेडिओ हातात घेतला. पदरानं पुसला. आणि शालिनीच्या पिशवीत परत ठेवला.

"नको वं बाई. तिथं तुमच्या हॉलात ठीक होतं. इथं त्याचा आवाज आला का मी दाराशी जाईन. रोज जाईन." मग म्हणाली, "अन् इथून बांध दिसते."

आम्ही दोघी निघालो. परत येताना गाडीत शालिनीनं तो रेडिओ काढून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "ताई, तुमच्याकडे राहू द्या. घरात यांचा आवाज ऐकायची माझीही हिंमत नाही."

तो आता माझ्याकडे आहे. आज सकाळपासून दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. तू विचारशील, एवढ्या लांब वायर टाकली अन् आता ऐकत नाही काहून वं?

ऐकीन गा, मधू. आज नाही.